तिले पुसलं का?

कुणाला भांडं भेट द्यायचं काम माझ्याकडून अजूनही धड होत नाही. लोक सरळ दुकानात शिरतात, बोट दाखवतात, "हे पॅक करा" म्हणतात आणि मोकळे होतात. मी दुकानाच्या पायरीवरच अडखळते. कानात रशीदभाईंचा आवाज येतो, "ताई, तिले पुसलं का?" आणि मी आले तशी परत फिरते. नवऱ्याला वाटतं मी कंजूष आहे. वाटू दे.

रशीदभाईंचं दुकान अमरावतीच्या जुन्या बाजारातल्या एका बोळात. पाच पायऱ्या चढायच्या. वर गेलं की एका अंगाला स्टील, एका अंगाला पितळ, लोखंडी कढया आणि तवे खाली जमिनीवर. माणूस उंच, किडकिडीत, पांढरी दाढी नीट कातरलेली, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. विकायची घाई म्हणून नाही. गिऱ्हाईक आलं की हातातलं फडकं खाली ठेवायचे आणि चौकशी सुरू. कोनाले द्याचं हाये? सयपाक कोन करते? खानारे किती? गॅस का चूल? बाई उंच का ठेंगणी? मुलीची सोयरीक जमवताना तरी माणसं इतकं विचारतात की नाही कोण जाणे.

माझी त्यांची पहिली गाठ पडली ती आमच्या ऑफिसातल्या गावंडे साहेबांच्या वास्तुशांतीमुळे. सगळ्यांनी वर्गणी काढली आणि भांडं आणायचं काम माझ्या गळ्यात मारलं. ऑफिसात बाई असली की ती भांड्यांची जाणकार असणारच, असा पुरुषांचा पक्का समज असतो. मी तणतणत गेले. "दुधाचं पातेलं द्या, जाड बुडाचं. आणि त्यावर ऑफिसचं नाव टाकून द्या," म्हटलं.

"वापरनार कोन?"

"गावंडे साहेबांच्या मिसेस."

"मिसेस हे काई नाव नाई झालं, ताई. नाव काय तिचं?"

मला माहीत नव्हतं. बारा वर्षं एका ऑफिसात होतो. त्या बाईच्या हातच्या पातोड्या मी गावंड्यांच्या डब्यातून बोटं चाटत खाल्लेल्या. आणि नाव माहीत नाही!

"ऑफिसचं नाव खाली बारीक टाकतो," रशीदभाई म्हणाले. "वर तिचं टाकाचं. जिले वापराचं, तिचं नाव. जा, पुसून या. आन डावखुरी हाये का उजवी, तेबी पुसून या."

मी पायरीवर उभी राहून एकेकाला फोन लावले. कुणाला ठाऊक नाही. शेवटी गावंड्यांनाच लावला. त्यांनी नाव सांगितलं, कुसुम, तेही नव्या नवरदेवासारखं लाजत. पण डावखुऱ्या आहेत का विचारलं तर पलीकडे सामसूम. मग म्हणाले, "थांबा हं मॅडम, पाहून सांगतो." बावीस वर्षं संसार केलेला माणूस! मागून बाईंचा आवाज ऐकू आला, "काहून असे पाहून राहिले हो माह्याकडे?"

डावखुऱ्याच निघाल्या. रशीदभाईंनी मी पसंत केलेलं पातेलं माझ्या हातातून काढून घेतलं. "याची चोच एकाच बाजूले हाये, उजव्या हातासाठी. डाव्यानं ओतलं का दूध सारं वट्यावर." मग दोन्ही बाजूंनी चोच असलेलं शोधून काढलं, नाव टाकायच्या मशीनची पेन्सिल हातात घेतली आणि घर्र घर्र करत काठाखाली वळणदार 'कुसुम' लिहिलं. महिन्याभराने कुसुमताई स्वतः ऑफिसात हजर. "माहं नाव कोनं पुसलं होतं?" म्हणाल्या. त्यांच्या घरातल्या भांड्यांवर सासऱ्यांचं नाव, दिरांचं नाव, आहेर देणाऱ्या दहा जणांची नावं. त्यांचं हे एवढंच. तेव्हापासून ऑफिसातर्फे भांडं आणायचं काम मी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही.

रशीदभाईंकडे भांडं नाकारलं जाण्याची भीती गिऱ्हाइकाला असायची. एकदा माझ्यादेखत एक गृहस्थ आले. पुतणीचं लग्न, मुलगी घाट ओलांडून धारणीच्याही पलीकडच्या गावात दिलेली. त्यांना काचेचा डिनर सेट हवा होता, सोनेरी काठाचा. रशीदभाईंनी विचारलं, गावापर्यंत जायचं कसं? गृहस्थ म्हणाले, धारणीपर्यंत बस, पुढे जीप. रशीदभाईंनी खोका जमिनीवर ठेवला आणि दोन्ही हातांनी गदागदा हलवला. आत कचकन आवाज झाला. गृहस्थ ओरडले, "अहो, फोडता का काय!"

"हा घाट झाला," रशीदभाई म्हणाले, "जीप तं अजून बाकीच हाये. पोरीले पुसलं का तिले काय पायजे?"

"तिले काय पुसाचं? मले मालूम हाये."

"मंग राहू द्या. 'मले मालूम हाये' म्हनते त्याले मी भांडं देत नाई."

"तुमी दुकानदार हा का मास्तर?" गृहस्थ तावातावाने पायऱ्या उतरून गेले. अर्ध्या तासाने परत आले, चेहरा पाडून. फोन केला होता. पोरीला वीस माणसांच्या भाजीचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, हवा होता, कानाचा, चुलीवर चढवता येईल असा. फुटलेला सेट रशीदभाईंनी स्वतःच्या माथी घेतला आणि गंजावर नाव टाकून दिलं. असा धंदा करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

बायका स्वतः आल्या तर आणखी मजा. रिकामी कढई काउंटरवर ठेवायचे, हातात सराटा द्यायचे, आपण ज्याला उलथनं म्हणतो तो, आणि म्हणायचे, "परता." काय परतू? "कांदा परता." बाई लाजत लाजत रिकाम्या कढईत हवा परतायची, आणि रशीदभाई तिच्या मनगटाकडे बघत राहायचे. दहा वेळा परतून झालं की सराटा बदलायचे. तिसऱ्या-चौथ्याला त्या बाईचा हात असा काही सैल पडायचा की मलासुद्धा कळायचं, हाच. मीही परतलेला आहे त्या कढईत रिकामा कांदा. माझ्या घरचा सराटा त्यातूनच आलेला.

आणि एवढं सगळं जाणणाऱ्या माणसाला साधा चहा करता येत नव्हता. मला आधी खोटंच वाटलं.

"बाप्पा, मले काय येते?" ते म्हणाले होते. "हे सारं जैबुनचं हाये."

जैबुन म्हणजे भाभी, त्यांची बायको. माहेर अकोल्याचं. घर दुकानाच्या मागच्याच गल्लीत. नवा माल आला की त्यातला एक नग आधी घरी जायचा. भाभी आठ दिवस वापरायच्या आणि निकाल द्यायच्या. रशीदभाई सयपाकघरात एक डबा पालथा घालून त्यावर बसायचे आणि नुसते बघायचे. ही दांडी पोळते, नको ठेवू. हे झाकण वाफ धरत नाही. या परातीचा काठ मनगटाला लागतो. लग्नापासून त्यांनी बायकोच्या हाताकडे बघितलं होतं, आणि तेवढ्या शिकवणीवर अख्ख्या अमरावतीच्या बायांचे हात ओळखत होते. ईदला त्या घरून माझ्याकडे शिरखुर्मा यायचा. बुद्धपौर्णिमेला माझी खीर तिकडे जायची, भाभींनीच निवडून दिलेल्या पातेल्यात केलेली. डबा परत करताना भाभी म्हणायच्या, "खीर लागली नाई नं बुडाले? मंग झालं." खिरीच्या चवीबद्दल अवाक्षर नाही. सारं कौतुक पातेल्याचं!

मग तीन वर्षांपूर्वी भाभी भाचीच्या लग्नाला अकोल्याला गेल्या. तिथे मांडवामागे आचाऱ्याला दम देत उभ्या असतानाच हातातला झारा पडला. वाकून उचलायला गेल्या, तर हात खाली जाईना. उजवा हात, उजवा पाय. लकवा. महिनाभर दवाखान्यात होत्या. पाय पुढे थोडा सुधारला, काठी धरून चार पावलं टाकायच्या. हात मात्र गेला तो गेला. घरी आणलं तेव्हा मी भेटायला गेले. तो हात मांडीवर उताणा पडला होता, कुणीतरी आणून ठेवल्यासारखा. रशीदभाई त्या हाताकडेच बघत होते.

त्यानंतर भाभींचं जेवण तुटलं. जाऊबाई शेजारीच राहायच्या, त्या दोन्ही वेळा ताट आणून देत. लेक रुबीना चांदूर रेल्वेला दिलेली, ती रविवारी येऊन आठवड्याची कामं उपसून जायची. पण भाभी दोन घास खाऊन ताट सारायच्या. दिवसेंदिवस वाळत चालल्या. रशीदभाईंनी त्याचा अर्थ लावला. "जनमभर सोताच्या हातचं खाल्लं तिनं, ताई. दुसऱ्याचं घशाखाली नाई उतरत. तिच्या हातानं सयपाक झाला, तं जेवन ती. मले मालूम हाये."

मला तेव्हाच खटकायला हवं होतं. नाही खटकलं. उलट माझे डोळे भरून आले, काय माणूस आहे म्हणून!

त्यांनी एका हातासाठी भांडी शोधायला सुरुवात केली. लाकडी पाटीला खालून खिळे ठोकून आणले, त्यावर कांदा रोवायचा म्हणजे धरायला दुसरा हात लागत नाही. परात हलू नये म्हणून ओट्यावर लोखंडी पकडी बसवल्या. हलकी कढई आणली, ती फार हलकी, परतताना फिरायची. मग जड आणली. सराट्याच्या दांडीला सुतळी गुंडाळली, मग सायकलच्या मुठीचं रबर चढवलं. भाभींची खाट समोरच्या खोलीतून उचलून सयपाकघरात, ओट्याशेजारी आणून टाकली, म्हणजे मनात आलं की उठता येईल. दर भांडं वर्तमानपत्रात गुंडाळून न्यायचे, भेट म्हणून. त्यावर नाव टाकलेलं, जैबुन. दोन-चार दिवसांनी ते भांडं दुकानात परत यायचं. मागच्या भिंतीला एक फळी होती, तिच्यावर जाऊन बसायचं. फळी भरत चालली. कुणी गिऱ्हाईक त्याकडे बोट दाखवी, तर म्हणायचे, "ते विकाचं नाई."

एरवी मोबाईलवर भांडी मागवणाऱ्यांचा त्यांना भारी राग. "त्या मोबाईलवाल्यानं तिचं नाव पुसलं का?" म्हणून माझ्यावरच घसरायचे. तेच रशीदभाई एक दिवस आवाज खाली करून म्हणाले, "ताई, तुमच्या मोबाईलात पाहा नं. एका हातावाल्यासाठी काई भेटते का."

मी मागवलं. का नाही मागवणार? रबराची न सरकणारी चटई मागवली. एका हाताने दाबून डबा उघडायचं यंत्र मागवलं. एक वाकड्या दांडीची सुरी मागवली. प्रत्येक वेळी पार्सल उघडताना त्या माणसाचा चेहरा असा उजळायचा की मला वाटायचं, या खेपेला जमेल. त्या फळीवर बऱ्याच वस्तू माझ्या हाताने गेलेल्या आहेत, हे आज कबूल करते.

अशाच एका पार्सलच्या निमित्ताने मी दुपारी घरी गेले. रशीदभाई दुकानात होते. भाभी सयपाकघरात खाटेवर पडून भिंतीकडे बघत होत्या. ओट्यावर त्या पकडी, खिळ्यांची पाटी, सगळं मांडलेलं. जीभ अजून थोडी जड होती, पण बोलणं कळायचं. मी पार्सल पुढे केलं. त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

"ताई, अजून आनलं का तुमी?"

मी म्हटलं, "चांगलं आहे भाभी, हलकं आहे."

"बसा," त्या म्हणाल्या. मी त्याच पालथ्या डब्यावर बसले. भाभींनी भिंतीकडची मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाल्या, "मले नाई कराचा आता सयपाक. लय केला. हात गेला तवा मले पयलं काय वाटलं, सांगू? वाटलं, चला, सुटली. तोबा तोबा, पन वाटलं."

मी हातातलं पार्सल मांडीवर ठेवलं.

"जाऊ वाईट नाई करत व. मी खाईन तिचं. पन रुबीनाचे अब्बा ताटासमोर नवं भांडं घेऊन बसते. मी धरलं नाई तं त्यायचं तोंड पाहवत नाई. म्हनून धरते. मंग पडते ते. मंग ते उचलते, पुसते, आन जेवत नाई. ते जेवत नाई तं माह्या घशाखाली कसं उतरन? असं दोघं बी उपाशी राहून रायलो आमी." त्यांनी डाव्या हाताने समोरच्या खोलीकडे बोट केलं. "मले तिथं नेऊन टाका. तिथून रस्ता दिसते. लोकं जाते येते. सारा जनम या वट्याकडे तोंड करून गेला माहा. आता मले लोकं पाहू द्या. एवढं सांगता का त्यायले?"

"तुम्हीच सांगा ना भाभी. तुमचं ऐकतील ते."

"मी सांगतलं तं त्यायले वाटन, ही हरली. आन ते खचून जाईन. तुमी सांगा. तुमचं बरोबर लागते त्यायले."

हो म्हणून उठले. पार्सल तसंच परत घेतलं. गल्ली ओलांडून दुकानापर्यंत जायला चार मिनिटंही लागत नाहीत, पण मी बाहेरच्या रसवंतीवर बसले, एक ग्लास घेतला, मग दुसरा घेतला, आणि काय बोलायचं ते मनात घोळवत राहिले. ऑफिसात साहेबाच्या तोंडावर बोलणारी बाई मी. माझं तोंड फटकळ आहे, हे सगळी अमरावती सांगेल. त्या दिवशी त्या तोंडाला काय झालं होतं कोण जाणे.

पायऱ्या चढले, तर दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. रशीदभाई काउंटरमागे उभे होते. त्यांनी स्वतःचा उजवा हात एका मोठ्या रुमालाने पोटाशी बांधून घेतला होता, आणि डाव्या हातात सराटा घेऊन रिकाम्या कढईत कांदा परतत होते. कढई फिरत होती. ते थांबायचे, पोटाने कढई अडवायचे, पुन्हा परतायचे. कपाळावर घाम. मला पाहून हसले. चोरी पकडली गेल्यावर माणूस हसतो तसे.

"जमत आलं, ताई," म्हणाले. "आता मले समजलं ती कुठं अडते ते. इतके दिवस मी दोन हातांनी विचार करून रायलो होतो. या कढईले तिसरा कान पायजे, पोटाकडून. कारागिराले सांगतलं म्या. जुम्म्याले देते म्हने."

मी मागच्या फळीकडे बघितलं. प्रत्येक भांड्याच्या काठाखाली तेच वळणदार नाव. मी माझ्या हातातलं पार्सल काउंटरवर ठेवलं. सगळं घोळवलेलं विसरले आणि तोंडातून एवढंच निघालं, "भाई, तिले पुसलं का?"

सराटा थांबला. ते माझ्याकडे बघत राहिले. मी घरून आले आहे, हे त्यांनी ओळखलं असावं. काय ऐकून आले आहे, तेही ओळखलं असेल. इतक्या बायांचे हात ओळखणाऱ्या माणसाला माझा चेहरा काय अवघड होता? त्यांनी सराटा कढईत ठेवला. बोळातून एक भंगारवाला ओरडत गेला.

"नाई पुसलं," ते म्हणाले. "पुसलं, आन ती नको म्हनली, तं मंग मी काय करू, ताई? मले दुसरं काय येते?"

खाट समोरच्या खोलीत न्या, एवढं तरी म्हणायचं होतं. चार शब्द होते. ते मी म्हटले नाहीत. पुढच्याच महिन्यात माझी बदली अकोल्याला झाली. अकोला-अमरावती काही फार लांब नाही, सकाळी निघालं तर दुपारी परत येता येतं. मी गेलेली नाही. ईदला शिरखुर्मा आला नाही, आणि का आला नाही ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

त्या दिवशी बोलण्याच्या नादात त्यांच्या हाताचा रुमाल सैल झाला होता. उजवा हात सुटून खाली आला. त्यांनी डाव्या हाताने गाठ मारायचा प्रयत्न केला, दातात एक टोक धरलं, पण एका हाताने ती गाठ बसेना. मग दोन्ही टोकं माझ्यापुढे धरली.

"जरा बांधून द्या नं, ताई. कच बांधा. सुटला नाई पायजे."

मी काउंटरच्या आत गेले आणि गाठ बांधून दिली.